बोंबलांच्या जागेतून रस्ता

माझ्या धंद्यात पाटीला फार मान. जमिनीच्या तोंडाशी लोखंडी खांबांवर मोठा पत्रा उभा राहतो. त्यावर घरांचं रंगीत चित्र, खाली विकासकाचं नाव, परवानग्यांचे क्रमांक आणि कोपऱ्यात एक हसरं कुटुंब, जे डहाणूत आजवर कोणी पाहिलेलं नाही. अशा पाट्या मी अठरा वर्षं उभ्या केल्या. मजकूर माझा, रंग माझ्या पसंतीचे, खांबांचे खड्डे कुठे घ्यायचे तेही मीच सांगायचे. नाव मात्र दुसऱ्याचं. गिऱ्हाईक ऑफिसात आलं की इकडेतिकडे बघून विचारायचं, "साहेब कधी भेटतील?" मी म्हणायचे, "साहेब सह्या करतात. घर घ्यायचं असेल तर माझ्याशी बोला."

वरोरची वसाहत ही पहिली, जिच्या पाटीवर माझं नाव येणार होतं. वरोर म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं मच्छीमारांचं गाव. गावाच्या मागच्या अंगाला, किनाऱ्यापासून नियमाप्रमाणे लांब, अठरा बैठी घरं बांधायची ठरली होती. पैसा शेठचा, म्हणजे आजवर पाटीवर ज्यांचं नाव असायचं त्यांचा. जमीन शोधण्यापासून चावी हातात देण्यापर्यंतचं काम माझं. मालकी निम्मी निम्मी, आणि पाटीवर पहिलं नाव माझं. या पहिल्या नावासाठी मी शेठशी दोन वर्षं भांडले होते. ते हातातोंडाशी आलं आणि तिथेच अडकलं, ते वरोरच्या काही बायकांमुळे आणि त्यांच्या बोंबलांमुळे. म्हणजे मी तेव्हा तसं म्हणत होते. खरं तर अडकलं माझ्याच शहाणपणामुळे.

हे नावाचं वेड मला कुठून आलं ते सांगते. माझे वडील रेल्वेत होते आणि आम्ही भावंडं डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टरात वाढलो. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याशी आईने लावलेला कढीपत्ता. वडील रिटायर झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही भांडी पोत्यात भरत होतो आणि पुढे राहायला येणारी बाई पडद्यासाठी खिडक्यांची मापं घेत होती. तिचं काही चुकत नव्हतं. पण आई बावीस वर्षं त्या घरात राहिली, आणि कागदावर ती कुठेच नव्हती. तेव्हापासून मला कागदाचं महत्त्व कोणी शिकवायची गरज उरली नाही.

कॉलेज सुटल्यावर मी रजिस्ट्रार ऑफिसबाहेर बसणाऱ्या एका दस्तलेखकाकडे टायपिंगला लागले. लोक सातबारा नुसता बघतात, मी तो वाचायला शिकले. मालक कोण, फेरफार कधीचा, 'इतर हक्क' या रकान्यात काय लपलंय, बोजा कोणाचा, सगळं. तिथेच शेठची ओळख झाली. ते सीमेपलीकडचे गुजराती, पण जमिनी महाराष्ट्रात घ्यायचे. त्यांना वाचणारं माणूस हवं होतं. मी त्यांच्याकडे गेले ती क्लार्क म्हणून, आणि पाच वर्षांत त्यांचं ऑफिस माझ्या बोलण्यावर चालू लागलं. नवरा तलासरीच्या शाळेत शिक्षक. त्यामुळे आमच्या घरात एक पगार ठरलेला असायचा आणि दुसरा नशिबाचा. सासूबाई सुरुवातीला लोकांना सांगायच्या, "सून एका ऑफिसात आहे." कसल्या ऑफिसात, ते त्या सांगत नसत. बाई जमिनीचे व्यवहार करते म्हटल्यावर लोक काय काय विचारतील, याचा त्यांना धाक होता.

मी स्वतः कशालाच बिचकले नाही. तलासरीच्या बाजूला बहुतेक जमिनी आदिवासी खातेदारांच्या. त्या बिगर-आदिवासीला घेता येत नाहीत, पण आडमार्ग सुचवणारे दलाल चहाच्या प्रत्येक टपरीवर भेटतात. दुसऱ्याच्या नावावर घ्या, मुखत्यारपत्र करा, काही होत नाही. मी शेठला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की असला एक जरी कागद टेबलावर आला, तर तो मी फाडीन आणि मग घरी जाईन. शेठ हसले, पण असला कागद कधी आला नाही. आम्ही बिनशेती झालेल्या, वादाबाहेरच्या जमिनी शोधायचो. त्या थोड्या मिळतात आणि शोधायला चपला झिजवाव्या लागतात. माझ्या झिजल्या.

वेवजीला आम्ही काही प्लॉट पाडले होते. गाव गुजरातच्या हद्दीला टेकलेलं, पलीकडच्या कारखान्यांत जाणारे कामगार इकडे खोल्या शोधत असतात. जमीन मी एप्रिलमध्ये पाहिली. कोरडी ठणठणीत, सपाट, मुलांनी क्रिकेट खेळावं अशी. जुलैत एका गिऱ्हाइकाने फोन करून बोलावलं. गेले तर निम्मे प्लॉट ओढ्यात. मी साडी पोटरीपर्यंत धरून पाण्यात उभी, आणि समोर सहा माणसं, जी काही बोलत नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते प्लॉट आम्ही भराव घालून, मोरी बांधून नीट करून दिले, पण मी कानाला खडा लावला. यापुढे जमीन बघायची ती भर पावसात. आषाढात, चिखलात, जेव्हा दुसरा कोणीही बघायला जात नाही तेव्हा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे जातं, हे कुठल्याही नकाशापेक्षा पाऊस जास्त खरं सांगतो.

हा माझा नियम पुढे धंद्यात गाजला. लोक मोबाईलवर उपग्रहाचा फोटो बघून जमिनी घेत होते, मी रबरी बूट घालून जात होते. इतर बिल्डर माझी टिंगल करायचे, मग मला गुपचूप फोन करून विचारायचे, "मॅडम, त्या जागेत पाणी भरतं का हो?" मला याचा अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

वरोरची जमीन मी शेठला आषाढातल्या एका दुपारी दाखवली. मूळ मालकाच्या वाडीचा तो तुकडा. मालक दोन पिढ्यांपासून मुंबईला. आतली जमीन गवताळ, उंचावरची, आणि गावच्या डांबरी रस्त्यापासून आतपर्यंत जाणारा सत्तर फूट रुंदीचा रेताड पट्टा. तीस फुटांचा रस्ता त्यातून सहज जाणार होता. धो धो पाऊस पडत होता आणि त्या पट्ट्यावर थेंब थांबत नव्हता. इतकी स्वच्छ, मोकळी, पाणी पिणारी जागा मी अख्ख्या तालुक्यात पाहिली नव्हती. रेतीत ओळीने भोकं होती, अर्धी बुजलेली. शेठनी छत्रीच्या टोकाने एक टोकरलं आणि विचारलं, "बेन, आ शुं?"

"खेकडे," मी म्हटलं. "समुद्र जवळ आहे ना."

खेकडे ओळीत भोकं पाडत नाहीत, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

आमची आर्किटेक्ट बोईसरची, हुशार बाई. तिने आराखडा करताना मला उपग्रहाचा फोटो दाखवला होता. म्हणाली, "मॅडम, या पट्ट्यावर बारीक रेषा दिसतायत. काही कुंपणं आहेत का?" मी तिला ऐकवलं की मी फोटोवर जमिनी घेत नाही, जागेवर जाते, आणि जागेवर काही नाही. तिने रेषा सोडून आराखडा पुरा केला. सातबारा स्वच्छ होता. इतर हक्कांत एक ओळ नव्हती. वर्तमानपत्रात नोटीस दिली, कोणाची हरकत आली नाही. खरेदीखत झालं, आराखडा मंजूर झाला, आणि अठरापैकी चौदा घरं बघता बघता ठरली. घेणारे सगळे पगारदार. दोन शिक्षिका, रेल्वेतली चार कुटुंबं, तहसील कचेरीतले एक गृहस्थ. माझ्या वडिलांसारखी माणसं, रिटायर होण्याआधी स्वतःचं दार शोधणारी. शिमग्याच्या आत पाटी लागेल आणि जोत्यांचं काम सुरू होईल, असं मी सगळ्यांना सांगून बसले.

दिवाळीनंतरच्या सोमवारी रस्ता खणायला जेसीबी पाठवला. तासाभरात ड्रायव्हरचा फोन. "मॅडम, गाडी आत घालू कुठून? इथं तर जत्रा भरलीय."

मी गेले. आणि खरंच, मला आधी वाटलं की चुकीच्या जागी आले. त्या मोकळ्या पट्ट्यावर बांबूंचं रान उभं होतं. ओळीवर ओळी, बांबूंना आडवे बांबू, त्यांवर दोर ताणलेले. त्या दोरांवर दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या टांगलेल्या, हजारोंनी. या मांडवाला तिकडे वलांडी म्हणतात. खाली टोपल्या, बाजूला जवळा पसरलेला, आणि मध्ये कासोटे घालून काम करणाऱ्या बायका. वाऱ्यावर सगळे बोंबील एकाच बाजूला हलत होते. माझ्या खेकड्यांच्या प्रत्येक भोकात एक बांबू रोवलेला होता.

मी फाईल काखेत मारून पुढे गेले आणि मोठ्या आवाजात विचारलं की इथे कोणाच्या परवानगीने हे चाललंय. कोणी भांडलं नाही. सत्तरीच्या पुढची एक बाई टोपली खाली ठेवून माझ्याकडे आली. अंगाने काटक, कानांत जड सोनं, आवाज असा की वाऱ्यातसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जावा. बाकीच्या तिला मोठी आय म्हणत होत्या. मी तिला सातबारा दाखवला, खरेदीखत दाखवलं, मंजूर नकाशा उलगडला. तिने सगळं शांतपणे बघून घेतलं.

"जागा बघाया कवा आलीवती तू?" तिने विचारलं.

"जुलैत."

"म्हंजे आखाडात?"

"हो. भर पावसात आले होते. मुद्दाम."

ती मागे वळली. "ऐका गो! आखाडात आलीवती. मुद्दाम!"

सगळ्या बायका काम थांबवून हसल्या. मोठी आय माझ्याकडे वळून समजावणीच्या सुरात म्हणाली, "बाय, आखाडात मासेमारी बंद. होडी घरी, जाळी घरी, नवरे घरी. वलांडीचे बांबूबी घरी, माळ्यावर. तुला जागा मोकळीच दिसनार. आमचे नवरे बघायचे असते तर बरोबर आलीवतीस."

पुन्हा हशा. जेसीबीचा ड्रायव्हरही हसला, तो मी बघितला आणि लक्षात ठेवला. अठरा वर्षांत मला कोणी इतकं उघड्यावर तोंडघशी पाडलं नव्हतं. आणि बाई म्हणत होती त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी गाडीत बसून मूळ मालकाला मुंबईला फोन लावला. तो आधी म्हणाला, "तिथे कोणीही येत नाही." मग म्हणाला, "आजोबांच्या वेळी होळीआधी सुक्या बोंबलांच्या जुड्या घरी यायच्या खऱ्या. आम्हाला वाटायचं, गावचे लोक प्रेमाने देतात."

ते मी मोठ्या आयला जाऊन सांगितलं. "प्रेमानं?" ती म्हणाली. "जागेचं देतो. माझी सासू देई, मी देते." मालक मुंबईला गेल्यावरही प्रत्येक घराची जुडी दर होळीला वाडीवर पोचत होती. वाडीचा रखवालदार ती घेत होता आणि मिटक्या मारत खात होता. मालकाला पत्ता नाही, कागदाला पत्ता नाही, मला पत्ता नाही. बायकांनी मात्र एक वर्ष चुकवलं नव्हतं.

स्पष्टच सांगते, त्या दिवशी मला त्यांची दया वगैरे आली नाही, राग आला. एवढी वर्षं वापरता, तर एक अर्ज का नाही केलात? आमच्या नोटिशीला उत्तर का नाही दिलंत? पण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती नोटीस वरोरात कोण वाचणार होतं, हे मलाही ठाऊक होतं. नोटीस देताना आम्ही कोणीच ती वाचली जावी म्हणून देत नाही.

मी तडजोड घेऊन गेले. पट्टा सत्तर फुटांचा, रस्ता तीसचा. चाळीस फूट तुम्हाला राहतील, मी पलीकडून भिंत घालून देते. मला ती फार उदार वाटत होती. मोठ्या आयने माझं मनगट धरलं आणि मला ओळींमधून चालवत नेलं. थंडीत वारा उत्तरेकडून येतो, म्हणून ओळी अशा आडव्या. भिंत घातली की वारा तुटला. रस्ता झाला की गाड्या, गाड्या आल्या की धूळ. "धूळ बसली की बोंबील काला पडतो. मग यापारी हात लावत नाय." प्रत्येक वलांडी कोणाची ते तिने नावाने सांगितलं. ही हिच्या सासूची, आता हिची. ती त्या विधवेची, तिला कडेची दिली कारण तिथून तिचं घर दिसतं आणि पोरं एकटी असतात. सगळं वाटून दिलेलं होतं, एक फूट इकडचा तिकडे नाही. माझ्या मोजणीच्या नकाशात हद्दीचे चार दगड होते. तिच्या डोक्यात सदतीस घरांच्या हद्दी होत्या. मी परत येताना तडजोडीचं नाव काढलं नाही.

शेठना हे सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. ते फक्त कागदावर विश्वास ठेवतात, आणि तो मीच त्यांना शिकवला होता. "बेन, कागळ आपला चोख्खो छे ने? मग घाबरायचा कशाला? पोलीस बंदोबस्त मागू. एक दिवसाचा काम." दोन दिवसांत वकिलाने अर्ज टाईप करून पाठवला. पहिली भागीदार मी, म्हणून पहिली सही माझी हवी होती. कोर्टात गेलं असतं तर बायकांनी वहिवाट सांगितली असती, पण सांगायला एक चिठोरं त्यांच्याकडे नव्हतं, आणि खटला चालेपर्यंत डांबर पडून गेलं असतं. हे शेठना माहीत होतं. मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

सही केली तर शिमग्याच्या आत पाटी. नाही केली तर काहीच नाही. इतकं सरळ होतं ते.

अर्ज चार दिवस माझ्या टेबलावर पडून होता. मी पेन उघडायचे आणि मला ती पडद्याची मापं घेणारी बाई आठवायची. तिच्याकडेही कागद चोख होता. आणि दुसरंही एक होतं, ते जरा धंद्याचं आहे, पण मनात आलं ते सांगते. माझी चौदा कुटुंबं वरोरात राहायला जाणार होती. मासळी त्यांना याच बायकांकडून घ्यायची होती. पोलीस उभे करून केलेल्या रस्त्यावरून त्यांची मुलं रोज शाळेत गेली असती आणि गावाने त्यांना नावाने कधीच हाक मारली नसती. असलं घर मला विकायचं नव्हतं. पाचव्या दिवशी मी अर्ज शेठच्या हातात दिला, बिनसहीचा.

"पछी रस्तो क्यां?" त्यांनी विचारलं.

"दक्षिणेकडून. आपल्याच जमिनीतून वळवून, नाल्यावर मोरी घालून. तीन घरं जातील. आराखडा नव्याने मंजूर करावा लागेल, वर्ष जाईल."

शेठनी अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाले की त्यांच्या वयाला एक वर्ष फार झालं, आणि बोंबलांसाठी घरं कमी करणारा बिल्डर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. आम्ही भांडलो नाही. वेवजीला खोल्यांच्या दोन चाळी आहेत, त्यांत माझा हिस्सा होता. दर महिन्याचं भाडं, घरातलं नशिबाचं नव्हे असं माझं एकमेव उत्पन्न. तो हिस्सा त्यांनी घेतला आणि वरोरचा त्यांचा हिस्सा मला लिहून दिला. घरी सांगितल्यावर नवरा एवढंच म्हणाला, "म्हणजे आता आपण दोघं माझ्या पगारावर." सासूबाई म्हणाल्या, "करील ती." त्या असं म्हणतील असं मला वाटलं नव्हतं.

घरं घेणाऱ्यांना मी रविवारी ऑफिसात बोलावलं आणि उभी राहून सगळं सांगितलं. शिक्षिकांपैकी एक फार तिखट. "तुम्ही जागेवर जाऊन बघता, असं तुम्हीच सांगत होता ना?"

"बघितली. चुकीच्या महिन्यात बघितली," मी म्हटलं. "चूक माझी. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी आज सांगा."

दोघांनी नावं काढून घेतली. तिखट शिक्षिका थांबली. म्हणाली, "चूक आहे असं म्हणणारा बिल्डर सोडला तर दुसरा कुठे शोधू?" मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण मी फक्त चहा सांगितला.

इथे गोष्ट संपली असती, पण मी कागदातली बाई. नुसतं मोठेपणाने 'वापरा जागा' म्हणून मला चैन पडेना. मी आज आहे. उद्या माझा मुलगा असेल, परवा आणखी कोणी, आणि तो कोणी आषाढात येऊन छत्रीने भोकं टोकरील. म्हणून मी दस्त लिहिला. त्या पट्ट्यात कधीही बांधकाम करायचं नाही, आणि मासळी वाळवण्याचा हक्क त्या घरांचा, पिढ्यान्‌पिढ्या. तो रीतसर नोंदवायचा आणि सातबाराच्या इतर हक्कांत चढवायचा.

सगळ्यात जड गेलं ते बायकांना रजिस्ट्रार ऑफिसात आणणं. जमीन फुकट वापरा म्हटलं तर त्यांनी मान डोलावली. अंगठा द्या म्हटल्याबरोबर सगळ्या मागे सरल्या. "अंगठा दिला की जमीन जाते," एक जण म्हणाली. तिच्या वाडवडिलांचा अनुभव तोच होता, तिला मी काय सांगणार? मी तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी मोठी आय म्हणाली, "वाच." मी तिच्या ओटीवर बसून दस्त पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. प्रत्येक कलमाला ती विचारायची, "याचा अर्थ बोल," आणि मी बोलायचे. वाचून झाल्यावर गावातले दोन पुरुष आले. म्हणाले, नावं घरच्या कर्त्यांची टाका, म्हणजे आमची. मी काही बोलायच्या आत मोठी आय म्हणाली, "बोंबील कोन टांगतं रे?" ते आले तसे गेले. नावं बायकांची पडली.

एका टेम्पोत आणि दोन रिक्षांत बसून सदतीस बायका डहाणूला आल्या. फोटो काढताना त्यांनी पदर सावरले, अंगठे दिले, आणि बाहेर पडताना त्यांच्यातल्या एकीने रजिस्ट्रारच्या क्लार्कला त्याच्या बायकोसाठी बोंबील कसे निवडावे ते सांगितलं. तलाठी म्हणाला की असा फेरफार त्याने आयुष्यात केला नाही. मी म्हटलं, "आता करा." पावसाळा संपता संपता नोंद मंजूर झाली. तोवर दक्षिणेकडची मोरी झाली होती आणि पंधरा घरांची पाटीही लागली होती, माझ्या नावाची. मी तिच्याकडे बघत उभी वगैरे राहिले नाही. खडी उतरवायचा ट्रक चुकीच्या जागी लागत होता, त्याच्या मागे धावले.

नवा सातबारा काढून मी वरोरला गेले. बायका नुकत्याच बांबू रोवू लागल्या होत्या. मोठ्या आयच्या सुनेने कागद वाचायला घेतला, एकेक नाव. ज्या बाईचं नाव येई ती कामावरून मान वर करी आणि पुन्हा खाली घाली. एका नावात चूक वाटली म्हणून मोठ्या आयने ते पुन्हा वाचायला लावलं. चूक नव्हती. सदतीस नावं संपल्यावर ती माझ्याजवळ आली.

"आन मालक कोन लिवलाय?"

"मी."

"तू आन नवरा?"

"मी एकटी."

तिने हात लुगड्याला पुसले. कागद सुनेच्या हातातून घेऊन माझ्यापुढे धरला. "दाखव, कुठं हायस?" मी डाव्या बाजूला माझ्या नावावर बोट ठेवलं. तिने तिथे स्वतःचं बोट टेकवलं आणि ते तसंच ठेवून विचारलं, "आन मी?" मी उजवीकडे, इतर हक्कांच्या रकान्यात तिचं नाव दाखवलं. तिथे तिने दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं. तिला एक अक्षर येत नव्हतं. दोन्ही बोटांकडे ती आळीपाळीने बघत राहिली. मी जन्मभर सातबारे वाचले, पण कोणाला तो असा वाचताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

"आपन लांब नाय गो," ती म्हणाली.